अंगठ्याने दाबलेला ब्रेक

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्यापैकी जे मोटरसायकल चालवतात त्यांनी आठवून पाहावं, मागचा ब्रेक आपण कोणत्या पायाने दाबतो? उजव्या. जुन्या बुलेटवाल्यांचं वेगळं, त्यांचा गिअर उजवीकडे असायचा. बाकी सगळ्यांचा उजवाच. आता हाच पाय घोट्यातून हलेनासा झाला, तर साधं बाजारात जाऊन येणंसुद्धा अवघड. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचा उजवा पाय असाच झाला होता. आणि त्यानंतर तो मोटरसायकल शर्यतींत लागोपाठ पाच वर्षं जगज्जेता ठरला. त्याचं नाव मिक डुहान.

डुहान ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा, जन्म 1965 चा. 1989 मध्ये तो होंडाच्या संघातून 500 सीसीच्या जागतिक शर्यतींत उतरला. या गाड्या टू-स्ट्रोक. ज्यांनी आरएक्स 100 चालवली आहे, त्यांना तो एकदम अंगावर येणारा जोर आठवत असेल. आरएक्सची ताकद 11 अश्वशक्तीच्या आसपास. डुहानच्या गाडीची दीडशेच्या वर, आणि वजन सुमारे 130 किलो, म्हणजे बुलेटपेक्षाही कमी. चाक घसरायला लागलं तर सावरून घेणारा संगणक तेव्हा नव्हता. जे काही सावरायचं ते मनगटाने आणि पायाने.

1992 साल उजाडलं आणि डुहानला कोणी धरू शकेना. पहिल्या सात शर्यतींत पाच विजय आणि दोनदा दुसरा. खात्यावर 130 गुण. त्याच्या मागे अमेरिकेचा वेन रेनी, आधीच्या दोन वर्षांचा विजेता, 65 गुणांवर. बरोब्बर निम्मे! जूनअखेर हॉलंडमधल्या आसेनला सगळे जमले, आणि शर्यतीच्या आधीच, पात्रता फेरीत डुहान पडला. उजव्या पायाची नडगी मोडली.

मोडलेलं हाड ही रेसरांसाठी नवी गोष्ट नाही. पण शस्त्रक्रियेनंतर पाय बिघडत गेला. रक्त नीट फिरेना, पाय कापावा लागेल इथपर्यंत गोष्ट आली. तेव्हा शर्यतींच्या गावोगाव फिरता दवाखाना नेणारे इटलीचे डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याला आपल्याकडे इटलीला नेलं. त्यांनी काय केलं असेल? त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. धडक्या डाव्या पायाचं रक्त उजव्याला मिळावं म्हणून. जवळजवळ दोन आठवडे हा माणूस तसाच, पायाला पाय जोडलेला, पडून होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

चार शर्यती बुडाल्या. तिकडे रेनी गुण जोडत होता. ऑगस्टमध्ये, पडल्यावर सुमारे आठ आठवड्यांनी, डुहान ब्राझीलमध्ये पुन्हा गाडीवर बसला. गाल आत गेलेले, पायात जीव नाही. बारावा आला. त्या वर्षी गुण फक्त पहिल्या दहांना मिळत, त्यामुळे हाती शून्य. रेनीने ती शर्यत जिंकली. तरीही शेवटच्या शर्यतीला जाताना डुहान दोन गुणांनी पुढे होता! दक्षिण आफ्रिकेत रेनी तिसरा आला, डुहान सहावा. 140 विरुद्ध 136. चार गुणांनी विजेतेपद गेलं. मला विचाराल तर डुहानच्या सगळ्या विजयांपेक्षा तो ब्राझीलचा बारावा क्रमांक मला मोठा वाटतो.

आणि रेनी? पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1993 मध्ये, इटलीतल्या मिसानोला तो पडला आणि छातीखालचं अंग कायमचं लुळं झालं. तेव्हाही गुणांच्या तक्त्यात तोच पुढे होता.

डुहानचा पाय वाचला, पण घोटा पूर्वीसारखा झाला नाही. ब्रेकचं पायडल दाबता येईना. तेव्हा होंडाच्या माणसांनी डाव्या हँडलवर, क्लचजवळ, एक छोटी दांडी बसवली. ती अंगठ्याने ढकलायची, की मागचा ब्रेक लागतो. ऐकायला सोपं. पण वर्षानुवर्षं जे काम पाय आपोआप करत होता, ते ताशी दोनशे किलोमीटरच्या वर, गाडी जमिनीला टेकेल इतकी झुकलेली असताना, अंगठ्याला शिकवायचं! 1993 मध्ये त्याला एकच शर्यत जिंकता आली. पण शिकता शिकता एक फायदा लक्षात आला. उजव्या वळणावर गाडी झुकली की बूट जमिनीलगत येतो, पायाला ब्रेकवर जायला जागाच उरत नाही. अंगठा मात्र मोकळाच असतो.

1994 मध्ये 14 पैकी नऊ विजय आणि पहिलं विजेतेपद. मग 95, 96, 97, 98. त्यातलं 1997 तर विलक्षण, 15 पैकी 12 शर्यती त्याच्या. त्याचे मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेस, तेही ऑस्ट्रेलियाचेच. गाडीची जुळणी एकदा मनासारखी झाली की ती उगाच बदलायची नाही, अशी या जोडीची रीत.

मे 1999 मध्ये स्पेनच्या हेरेझला, पुन्हा शर्यतीच्या आधीच, तो जोरात पडला. पाय, मनगट, खांदा. त्यानंतर त्याने शर्यत केली नाही. वर्षअखेर निवृत्ती जाहीर केली. 500 सीसीचे 54 विजय त्याच्या नावावर राहिले.

ती दांडी मात्र राहिली. आज मोटोजीपीतले, म्हणजे त्याच जागतिक शर्यतींच्या आजच्या रूपातले, कित्येक रेसर, ज्यांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत, डाव्या हाताने मागचा ब्रेक लावतात. पुढच्या वेळी टीव्हीवर शर्यत लागली आणि गाडीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र दिसू लागलं, की डाव्या हँडलकडे पाहा. क्लचच्या शेजारी ती दिसेल.

नमस्कार.