फोर-के आहे, पण फुटाळ्यावर टिकेल का?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या सुमारास बर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "भाऊ, यात फोर-के आहे ना?" दुकानदार हो म्हणतो, आणि तो खरंच सांगत असतो. पण तेवढ्यावरून व्हिडिओ कसा येईल ते कळत नाही. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची तर ती आपल्या नागपूरच्या उजेडात, गर्दीत आणि उन्हात करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

फोर-के म्हणजे आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके, एकूण सुमारे 83 लाख. फुल एचडीत साधारण 21 लाख, म्हणजे त्याच्या चौथाई. सेकंदाला 25 चौकटी, म्हणजे फ्रेम, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग असा पुरा हिशेब धरला, तर फोर-केला सेकंदाला 600 एमबीच्या वर जागा लागेल. कॅमेरा सेकंदाला किती माहिती लिहितो, तो त्याचा बिटरेट. 100 मेगाबिट बिटरेटचा कॅमेरा कार्डावर सेकंदाला लिहितो फक्त साडेबारा एमबी. उरलेलं तो दाबतो, गाळतो. मागच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच नव्यानं लिहायचं, ही त्याची मुख्य युक्ती. म्हणूनच काउंटरवर ठेवलेली डबी टिपली की सगळे कॅमेरे छान वाटतात. तिथे बदलत काहीच नाही! बिटरेट तुटपुंजा असेल, तर असलं फोर-के म्हणजे एका पोळीचं तूप चार पोळ्यांना लावणं.

ते उघडं पडतं फुटाळा तलावावर. संध्याकाळी वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा धावतात, काठावरची झाडं हलतात, आणि प्रत्येक चौकटीत सगळंच बदलतं. दोन्ही कॅमेरे एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी बसवा आणि एकदमच सुरू करा. थोडा वेळ पाणी टिपा, मग सावकाश झाडांकडे वळवा. घरी मोठ्या टीव्हीवर बघा. चांगल्या कॅमेऱ्यात लाटेची कड न् कड सुटी दिसेल. कच्च्या कॅमेऱ्यात पाण्यावर चौकोनी डाग सळसळतील, पानांचा हिरवा लगदा होईल, आणि कॅमेरा स्थिर झाल्यावर क्षणभरानं पानं पुन्हा उगवतील. चित्र थांबवून पाहिलं तर ही सळसळ कळत नाही, म्हणून व्हिडिओ चालता ठेवूनच बघा.

आता लग्नाचं लॉन घ्या. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. कॅमेरा 30 चौकटींवर आणि शटर, म्हणजे एका चौकटीला उजेड घ्यायचा वेळ, सेकंदाचा एक-साठांश असेल, तर नवरीच्या चेहऱ्यावरून काळपट पट्टे सरकत राहतात. पुष्कळ लोक याला कॅमेऱ्याचा दोष समजतात. खरं तर मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी (30-60 चौकटींची) असेल ती पाल (25-50 चौकटींची) करा, 25 किंवा 50 चौकटी घ्या, शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश ठेवा, पट्टे जातात. सजावटीच्या काही एलईडी दिव्यांची लुकलुक मात्र याहून वेगळ्या वेगाची असते. तिथे शटर थोडं थोडं सरकवूनच बघावं लागतं. ही सेटिंग दोन्ही कॅमेऱ्यांत सारखी केल्याशिवाय केलेली तुलना मी तुलना मानत नाही.

वर्धा रोडवरून मेट्रोनं जाताना खिडकीतून बाहेरचे खांब टिपून बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो. त्याला 25 मिलीसेकंद लागले आणि गाडी ताशी 60 किलोमीटरनं धावत असली, तर तेवढ्यात ती 40 सेंटीमीटर पुढे गेलेली असते. म्हणून उभा खांब तिरपा दिसतो. सेन्सर मोठा म्हणून हा दोष कमी, असं नाही. उलट पुष्कळदा मोठाच सेन्सर वाचायला हळू असतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पांढरा घुमट, पांढरी वस्त्रं आणि भर दुपारचं ऊन असतं. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा सगळी चौकट गडद करतो आणि माणसांचे चेहरे काळे पडतात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, चेहऱ्यावर लॉक करा आणि मग घुमटाकडे बघा. चेहरा उजळ ठेवूनही घुमटाची गोलाई ज्यात शाबूत राहते, त्या कॅमेऱ्याला मी चार पैसे जास्त देईन. लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद नीट टिपला गेलाच पाहिजे.

मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत फोकस बघा. गर्दीत एखादा चेहरा आडवा आला की कॅमेरा त्याच्याकडे पळतो का आणि पिवळ्या मारबतीवर परत यायला किती वेळ घेतो, ते नीट पाहा. आवाजासाठी वेगळा माइक जोडायची सोय हवीच.

राहिला मे महिना. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं, आणि सलग चित्रीकरणाचा वेळ बरेचदा 25 अंशांना मोजलेला असतो. आपल्याकडे सावलीतच पारा 45 ला टेकतो! पंखा नसलेली छोटी, देखणी बॉडी अशा वेळी मंगलाष्टकं संपायच्या आत बंद पडू शकते. म्हणून उन्हाळ्यातल्या कामासाठी कॅमेरा घेणार असाल, तर आधी एक दिवस भाड्यानं आणा, दुपारी बारानंतर गच्चीवर सावलीत लावा आणि सलग चालू ठेवा. 100 मेगाबिटला तासाला 45 जीबी लागतात, तेव्हा 64 जीबीचं कार्ड घाला. बंद पडलाच, तर किती मिनिटांनी पडला आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, दोन्ही लिहून ठेवा. दुसरा कॅमेराही तसाच, त्याच गच्चीवर, त्याच वेळेला लावा.

नमस्कार.