नावाखाली गाव

(दृश्य : भिंतीवर कुस्ती मैदानाचं पोस्टर. कॅमेरा वरून सावकाश खाली येतो.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यात कुस्तीचं मैदान भरायचं ठरलं की आधी पोस्टर लागतं. पहिल्या नंबरची जोड, दुसऱ्या नंबरची जोड. दोन्ही पैलवानांचे फोटो, फोटोखाली नाव, नावाखाली तालीम नाहीतर गाव. ते गाव वाचूनच माणसं टेंपो ठरवतात.

(दृश्य : शाळेच्या फाटकावर चिकटवलेला कागद.)

आता महिला सॉफ्टबॉलची, म्हणजे बेसबॉलसारख्या खेळाची, सूचना. स्पर्धेचं नाव, तारीख, उद्घाटक, प्रमुख पाहुणे. खेळाडूचं नाव एकही नाही. कुठला संघ कुणाशी, किती वाजता, तेही नाही. राज्य पातळीवर खेळणारी पिचर (चेंडू टाकणारी) शेजारच्या गावची असली तरी त्या गावाला पत्ता नसतो. मग सामन्याला उरतात दोन संघ, पंच, शिक्षक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पालक.

मुलींच्या खेळात लोकांना रस नाही, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला दरवर्षी कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉल वर्ल्ड सिरीज होते. तिथलं स्टेडियम सुमारे १३ हजारांचं, आणि एकेका सत्राला १२ हजारांवर माणसं बसतात. याच मुली पुढे व्यावसायिक लीगमध्ये जातात, तेव्हा खेळ आणखी वरचा होतो आणि गर्दी मात्र आटते. नॅशनल प्रो फास्टपिच ही लीग २००४ मध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये बंद पडली. कॉलेजच्या संघामागे ते विद्यापीठ, ते शहर, माजी विद्यार्थ्यांच्या पिढ्या उभ्या असतात. लीगच्या संघांना तसं घर मिळालं नाही. २०२५ मध्ये नवी लीग आली, तिचेही चारही संघ पहिल्या वर्षी गावोगाव फिरत खेळले. दुसऱ्या हंगामापासून संघांना शहरं द्यायचं ठरलं, ते उगीच नाही. आपल्याकडच्या कुस्तीवाल्यांना ही गोष्ट केव्हाची ठाऊक आहे.

(दृश्य : रिकामं क्रिकेट मैदान, मधोमध फक्कीच्या रेषा.)

पण गाव आलं, तरी त्याला खेळ दिसला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रिकेटच्या मैदानाच्या मधोमध सॉफ्टबॉलचा चौक, म्हणजे धावताना गाठायच्या चार बेसचा चौकोन, आखतात. प्रेक्षक सीमारेषेबाहेर, पन्नास-साठ मीटर लांब. तिथून चेंडू दिसत नाही, पंचाचा हात दिसत नाही.

चौक मैदानाच्या कोपऱ्यात घ्यावा. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथं उभी राहते तो कोपरा, नैर्ऋत्येला, तोंड ईशान्येकडे, किंचित पूर्वेला झुकतं. दुपारनंतरचं ऊन बॅटरच्या पाठीवर येतं आणि होमच्या मागं बसलेल्या प्रेक्षकांच्याही पाठीवर. ऊन डोळ्यात जातं ते बॅटरसमोर लांब उभ्या राहणाऱ्या फील्डरच्या. तिला टोपी हवीच. शाळेच्या पायऱ्या त्या कोपऱ्यात असतील तर बसायची सोय आयती झाली.

(दृश्य : टेप, सुतळी, खुंट्या. दोन मुली टेप ताणून धरतात.)

आखणी अशी. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून २५.८६ मीटरवर सेकंड बेस. मग होमपासून एक टेप आणि सेकंडपासून एक टेप, दोन्ही १८.२९ मीटर. त्या जिथं मिळतील तिथं एका बाजूला फर्स्ट, दुसऱ्या बाजूला थर्ड. पिचिंग प्लेट, म्हणजे पिचरनं उभं राहायची पट्टी, होमपासून १३.११ मीटरवर. इथं हमखास चूक होते. फर्स्टपासून थर्डपर्यंत सुतळी धरतात आणि ती मधल्या रेषेला जिथं छेदते तिथंच प्लेट ठोकतात. तो छेद १२.९३ मीटरवर पडतो. प्लेट त्याच्या १८ सेंटिमीटर मागं हवी. एवढ्यानं बॅटरचा वेळ कमी होतो, आणि चांगला पिचर-बॅटर सामना बिघडतो.

होमच्या मागं किमान ७.६२ मीटर मोकळी जागा, त्यामागं जाळी, जाळीमागं माणसं. क्रिकेटच्या सरावाची नायलॉन जाळी चालते, पण ती ताणून बांधायची. ढिली जाळी चेंडू लागला की फुगते आणि मागच्या माणसाच्या तोंडावर येते. नावात सॉफ्ट आहे म्हणून चेंडू मऊ नसतो. १२ इंच परीघ, १७८ ते १९८ ग्रॅम वजन; क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. जाळीविना बसवलेला प्रेक्षक एक फाउल (रेषेबाहेर उडालेला चेंडू) डोक्यावरून गेला की उठतो, आणि परत बसत नाही.

(दृश्य : पिचरचा हात, मंद गतीत. पूर्ण वर्तुळ, मनगट कमरेजवळ.)

हे जवळून दाखवण्यासारखं आहे. हात खालून निघतो, डोक्यावरून पूर्ण फिरतो, कमरेशी येताना मनगट झटकतं आणि चेंडू सुटतो. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत जेमतेम ०.४ सेकंदात पोचतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत असे ४१३ चेंडू टाकले आणि संघाला सुवर्णपदक मिळवून दिलं. ही मेहनत सीमारेषेवरून कशी दिसणार?

(दृश्य : खडूनं लिहिलेला फळा.)

नवख्या माणसाला कंटाळा येतो तो दोन चेंडूंच्या मधल्या वेळात, कारण मोजणी त्याला कळत नाही. बॉल म्हणजे बॅटरनं सोडलेला, टप्प्याबाहेरचा चेंडू; स्ट्राइक म्हणजे हुकलेला किंवा टप्प्यातला सोडलेला. चार बॉल झाले की बॅटर चालत फर्स्टवर जाते, तीन स्ट्राइक झाले की बाद. फळ्यावर धावा, इनिंग आणि आउट लिहा. बॉल-स्ट्राइक माइकवरून प्रत्येक चेंडूनंतर सांगा, मराठीत आणि कन्नडमध्येही. बंट म्हणजे फसलेला फटका नव्हे, बेसवरच्या धावपटूला पुढं सरकवायला मुद्दाम मऊ ठेवलेला चेंडू आहे, हे एकदा कळलं की पुढच्या बंटला टाळी पडते.

वेळेचा घोळ तर सगळ्यात वाईट. सात इनिंगना साधारण दोन तास लागतात, पण फरक मोठा असेल तर सामना तीन, चार किंवा पाच इनिंगमध्येच संपतो. पाहुण्यांसाठी दीड तास थांबायचं आणि नंतर आलेल्या आईला संपलेला सामना दाखवायचा, हे बंद झालं पाहिजे. सामना छापील वेळेवर सुरू करा, सत्कार मधल्या वेळेत उरका. रविवारी दुपारी साडेतीन बरी. खानापूरच्या बायकांना अंधाराआधी बस मिळते. पावसाळा नको, भाताची सुगी नको; डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी उत्तम. आणि बायकांसाठी पाण्याचं, कडी लागणारं स्वच्छतागृह. ते नसेल तर बाकी सगळं वाया.

(दृश्य : गावातली दूध डेअरी, सकाळची रांग.)

राहिलं पोस्टर. सामन्याच्या चार दिवस आधी, खेळाडूच्या गावात. पालकांना विचारून फोटो घ्या, खाली नाव, गाव, जागा : पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप. मैदान, वार, वेळ ठळक. उद्घाटकांची नावं छापायचीच असतील तर तळाशी, बारीक टायपात. आणि ते शाळेच्या फाटकावर नाही, डेअरीवर लावा. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथंच येतं.