बीड रोडवरचा ट्रक

औरंगाबादचं चिकलठाणा विमानतळ. २६ एप्रिल १९९३, दुपारी एकनंतरची वेळ. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथून मुंबईला निघालंय. विमानात ११८ जण आहेत.

धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रोड. रस्त्यावर एक ट्रक, कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला. मराठवाड्यात असा ट्रक कुणी वळूनही बघत नाही. जिनिंगमधून निघालेला माल फाळक्याच्या वरपर्यंत रचायचा, दोरखंडानं करकचून आवळायचा आणि रस्त्याला लागायचं. त्या दिवशी नेमकी ही उंचीच आडवी आली.

जमीन सोडण्यासाठी विमानाचा एक वेग ठरलेला असतो. तो आला की नाक उचलायचं. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धाव लांबते. म्हणून इथे एकेक सेकंद मोलाचा. चौकशीत निघालं ते हे: नाक उशिरा उचललं गेलं आणि उचलण्याची पद्धतही चुकली.

धावपट्टी संपल्यावर साधारण ४१० फुटांवर विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. तरी विमान वर गेलं. सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या तारांना धडकलं आणि वरुडी गावाजवळ कोसळलं. ५५ माणसं गेली. ६३ वाचली.

'वैमानिकाची चूक' म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. पण चौकशीत आणखी एक चूक नोंदली गेली. उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक आवरली गेली नव्हती, आणि ते काम विमानतळ सांभाळणाऱ्या यंत्रणेचं होतं. आगगाडी येताना फाटक पडतं, बैलगाडीवालासुद्धा खाली उतरून उभा राहतो. विमानासाठी तेवढंही झालं नाही, हे मला आजही पचत नाही.

विमान धावत असताना शेजारचा वैमानिक वेगावर डोळा ठेवून असतो. आकडा गाठला की मोठ्यानं म्हणतो, 'रोटेट', म्हणजे नाक उचल. सांगणारा असला तरी ऐकणारा लागतो. २०१० साली मंगळूरला सहवैमानिकानं न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं होतं. विमान तरीही उतरवलं गेलं आणि १५८ जण गेले.

पण 'रोटेट' हा शब्द कॉकपिटच्या आतला. गाठी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला तो ऐकू येणार नव्हता. त्याला थांबवायला बीड रोडवर कुणीतरी हात आडवा करून उभं असायला हवं होतं.