पुन्हा शेजारी शेजारी

(पडद्यावर: कॅनव्हासचा अगदी जवळून घेतलेला तुकडा. काय आहे ते ओळखू येत नाही.)

हे काय आहे?

विटकरी, शेवाळी, जळक्या गुळासारखा तांबूस. रंग इतका जाड लावलाय की त्याच्या कडेची सावली शेजारच्या रंगावर पडलीय. कुंचला वर गेला, वळला, खाली आला, आणि ती वाट रंगात तशीच वाळून राहिली.

(कॅमेरा हळूहळू मागे येतो.)

आता चार पावलं मागे या. अजून दोन. डावीकडून उजवीकडे जाणारी एक कमान दिसते का? तो पूल आहे. लाकडी, जपानी धाटणीचा. खाली पाणी आहे, पाण्यात वॉटर लिली आहेत. फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात, चित्रकार क्लोद मोनेच्या बागेतल्या तळ्यावरचा हा पूल. १८९९ साली त्यानं हाच पूल रंगवला तेव्हा कमानीची प्रत्येक पट्टी वेगळी दिसत होती. हे चित्र त्यानंतर वीसेक वर्षांनी काढलेलं.

या वीस वर्षांत काय झालं, ते पाहायला एक चित्र पुरत नाही. त्यासाठी ती शेजारी शेजारी टांगावी लागतात, आणि तेच काम २०१९ साली एका फिरत्या प्रदर्शनानं केलं. ‘मोने: द लेट इयर्स’. आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात, १६ फेब्रुवारी ते २७ मे. मग टेक्ससमध्ये, फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात, १६ जून ते १५ सप्टेंबर. सुमारे पन्नास चित्रं. मांडणी जॉर्ज शॅकलफर्ड यांची. त्यांनी दोन-तीन वर्षं आधी मोनेच्या तरुणपणीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं; हा त्याचा दुसरा भाग म्हणा.

(पडद्यावर: जिव्हर्नीचं तळं, सकाळ.)

तळं आधी पाहू. मोने १८८३ साली या गावात भाड्यानं राहायला आला, १८९०मध्ये घर विकत घेतलं आणि १८९३ साली रेल्वेरुळांपलीकडचा तुकडा घेऊन त्यात ओढ्याचं पाणी वळवलं. गावकरी बिथरले. ही परदेशी झाडं पाणी नासवतील, आपली गुरं मरतील, अशी त्यांची भीती होती. पण तळं झालं. पुढे त्यासाठी वेगळा माळी होता. तो नावेत बसून लिलीची पानं साफ करी, कारण पानांवर धूळ बसली की मोनेला हवा तो प्रकाश मिळत नसे. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या, धूळ वाढली, तेव्हा त्यानं स्वतःच्या खर्चानं रस्त्यावर डांबर घालून घेतलं. चित्र काढण्याआधी तो चित्राचा विषय असा वर्षानुवर्षं वाढवत होता.

मग घर रिकामं होत गेलं. १९११ साली दुसरी पत्नी ॲलिस गेली. १९१२ साली डॉक्टरांनी मोतीबिंदूचं निदान केलं. १९१४च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा जाँ गेला. जाँची विधवा ब्लाँश, जी ॲलिसची आधीच्या लग्नाची लेकही होती, म्हाताऱ्याजवळ येऊन राहिली. ती स्वतः चित्रकार. तिनं घर सांभाळलं, आणि मला वाटतं, चित्रंही सांभाळली.

त्याच वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मोनेनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. दोन मीटर उंचीचे, चार-चार मीटर लांबीचे कॅनव्हास. ते ठेवायला बागेत नवी चित्रशाळा बांधली, वरून उजेड येणारी. ती त्याला कुरूपच वाटायची. आत चाकांच्या चौकटींवर कॅनव्हास उभे असत. एक ढकलून दुसऱ्याजवळ न्यायचा, पाहायचं, पुन्हा हलवायचा. ही सगळी चित्रं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाहत मोठी झाली.

बाहेर महायुद्ध चालू होतं. आघाडीवरच्या तोफा जिव्हर्नीत ऐकू येत.

(पडद्यावर: ‘विपिंग विलो’, किंबेल संग्रहालय. बराच वेळ, आवाजाशिवाय.)

हे झाड त्या काळातलं, १९१८-१९चं. विपिंग विलो, आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणाऱ्या वाळुंजाचं भावंड. साधारण एक मीटर उंच, सव्वा मीटर रुंद. बुंधा पिळवटलेला, वर आकाश नाही, खाली जमीन नाही, फांद्यांचा नुसता पूर. या झाडाची दहाएक चित्रं त्यानं काढली. माणूस एकही नाही त्यांत, तरी दुखवट्याच्या घरात शिरल्यासारखं होतं.

युद्धविराम झाला ११ नोव्हेंबर १९१८ला. दुसऱ्याच दिवशी मोनेनं पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसोला पत्र लिहिलं: दोन मोठे कॅनव्हास देशाला भेट द्यायचे आहेत. क्लेमांसो त्याचा जुना मित्र. दोनाचे पुढे बावीस झाले, आणि त्यांच्यासाठी पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनं तयार झाली.

तोवर डोळे मात्र चालले होते. मोतीबिंदू आपल्यापैकी कुणाच्या घरी नसतो? जग पिवळट होत जातं, निळं मंद पडतं, बारीक रेघा विरघळतात. ट्यूबवरचं नाव वाचून आणि कोणता रंग पॅलेटवर कुठे ठेवलाय ते पाठ करून मोने काम करत राहिला. शस्त्रक्रियेची त्याला भीती वाटे. क्लेमांसो मुळात डॉक्टर. त्यानं मागे लागून लागून तयार केलं. १९२३ साली उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, जानेवारीत आणि पुन्हा जुलैमध्ये. त्यानंतर सगळं निळं दिसतं म्हणून हैराण! रंगीत काचांचे चष्मे करून पाहिले. डावा डोळा त्यानं शेवटपर्यंत कापू दिला नाही.

सुरुवातीला पाहिलेला तो विटकरी पूल याच वर्षांतला. ‘डोळे गेले होते म्हणून असं झालं’ असं म्हणून पुढे सरकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पंचवीस वर्षं ज्या पुलावर रोज उभा राहिला, त्याची कमान त्याच्या हातात होती. या भिंतीवर एकामागून एक पूल पाहताना कळतं की कुंचला कुठेही चाचपडत नाही.

५ डिसेंबर १९२६ला मोने गेला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. ऑरांजरीचे कॅनव्हास भिंतींना चिकटवले गेले. ते आता कुठेच जाणार नाहीत. बाकीची चित्रं चित्रशाळेत पडून राहिली. विकायची नव्हती, त्यामुळे अनेकांवर सहीसुद्धा नव्हती. सहीचा शिक्का नंतर मारला गेला. लोकांना ती अर्धवट वाटत. १९५०नंतर, विशेषतः न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांमुळे, नजर बदलली आणि संग्रहालयं ती घेऊ लागली. धाकटा मुलगा मिशेल १९६६ साली वारला. उरलेला ठेवा त्यानं पॅरिसच्या मारमोताँ संग्रहालयाला दिला होता.

पण या खरेदीत चित्रांचं कुटुंब फुटलं. ‘अगापान्थस’ नावाचे तीन कॅनव्हास पाहा. तीन मिळून एकच पाणी, जवळजवळ तेरा मीटर रुंद. एक १९५६ साली सेंट लुईसला गेला, एक पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीला, तिसरा १९६०मध्ये क्लीव्हलँडला. ज्या झाडावरून नाव पडलं, ते झाडही आता दिसत नाही. मोनेनं आधी ते कोपऱ्यात काढलं होतं, मग त्यावर पाणी रंगवलं. क्ष-किरणांत ते सापडतं. २०११ साली हे तिघं पुन्हा शेजारी आले, नंतर २०१६मध्ये लंडनलाही. पाहणाऱ्याला मग एका पाण्याच्या काठानं चालत जाता येतं. काही महिनेच.

फिरत्या प्रदर्शनाचं मोल मला यात दिसतं. विमा, लाकडी पेटारे, चित्राबरोबर प्रवास करणारा संग्रहालयाचा माणूस, दालनातलं मोजून ठेवलेलं तापमान, हा सगळा खटाटोप करून जिव्हर्नीच्या त्या खोलीतला शेजार थोडे दिवस परत आणायचा.

(पडद्यावर: रिकामी भिंत. जमिनीवर उघडा पेटारा.)

१५ सप्टेंबर २०१९ला फोर्ट वर्थचं प्रदर्शन संपलं. पूल आणि लिली आपापल्या गावी परतले. किंबेलचा विलो मात्र कुठे गेला नाही. १९९६पासून तो याच संग्रहालयाचा आहे.