पाण्याला अडवतं कोण?

मंडळी, या टेबलावर पाच ड्रिपर मांडलेत. यातला सगळ्यात चांगला कुठला, असं मला नेहमी विचारलं जातं. मी आधी दुसराच प्रश्न विचारते: यातल्या प्रत्येकात पाण्याला अडवतं कोण? कारण ड्रिपर म्हणजे शेवटी गाळायचा कागद बसवून पेल्यावर ठेवायचं एक नरसाळं. गरम पाणी दळलेल्या कॉफीतून किती वेळात खाली उतरतं, यावर पेल्यातली बरीचशी चव ठरते. पाणी भसकन निघून गेलं, तर कॉफी पाणचट आणि आंबट होते. रेंगाळलं, तर कडवट आणि तुरट.

सगळ्यात जुन्यापासून सुरू करते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला पेल्याच्या तळाशी उरणाऱ्या चोथ्याचा त्रास होत होता. तिने पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर ठेवला आणि १९०८ मध्ये त्याची नोंदणीही करून घेतली. आज तिच्या नावाने मिळणाऱ्या साध्या ड्रिपरच्या तळाशी अगदी बारीक भोक असतं. इथे पाण्याला अडवतं ते भोक. तुम्ही धार जरा घाईने सोडलीत, तरी खाली उतरण्याचा वेग फारसा बदलत नाही. या गुणाचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता हा शंकू. हारिओ ही काच बनवणारी जपानी कंपनी, तिचा हा व्ही-साठ. भिंतींमधला कोन ६० अंशांचा, म्हणून हे नाव. तळाचं भोक बघा, करंगळी सहज जाईल. आतल्या वळणदार उंचवट्यांमुळे कागद भिंतीला चिकटत नाही आणि हवेला बाहेर पडायला वाट मिळते. म्हणजे या ड्रिपरने पाणी अडवण्याचं काम अंगावर घेतलेलंच नाही. ते काम करायचं कॉफीच्या दळाने आणि तुमच्या हाताने. दळ थोडं बारीक हवं, धार सावकाश आणि गोलाकार हवी, आणि ती कागदाच्या कडेवर जाता कामा नये. कडेवर पडलेलं पाणी कॉफीला न भेटताच बाजूने खाली निसटतं. जमलं, तर फळांसारखा आंबटगोडपणा आणि फुलांचा वास इतका स्वच्छ लागतो, की मी आजही थबकते. पण काल जमलेली कॉफी आज बिघडते, ती याच ड्रिपरवर सगळ्यात जास्त.

हा सपाट तळाचा कलिता वेव्ह. तीन लहान भोकं आणि चुण्या असलेला कागद. शंकूत कॉफीचा थर मधोमध खोल आणि कडेला पातळ असतो. इथे तो सगळीकडे सारख्या जाडीचा बसतो, त्यामुळे पाण्याला सगळीकडून साधारण सारखाच प्रवास करावा लागतो. हाताच्या चुका इथे बऱ्याच पोटात घातल्या जातात. एकच सांभाळा: दळ फार बारीक झालं, तर कागद भोकांवर बसून पाणी तुंबतं.

केमेक्समध्ये अडवण्याचं काम कागदाचं. १९४१ साली अमेरिकेत पीटर श्लुम्बोम या मूळच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतलं नरसाळं आणि चंबू एकत्र करून हे भांडं घडवलं. कागद नेहमीपेक्षा बराच जाड, त्यामुळे दळ भरड ठेवावं लागतं. कागदाची तीन पदरी बाजू चोचीकडे ठेवा. एक पदरी बाजू ठेवलीत तर ओला कागद चोचीत बसतो, हवा कोंडते आणि पाणी थांबतं. तिघाचौघांसाठी करायची असेल तर हेच भांडं काढा. एकट्यापुरत्या कॉफीला मात्र ते फारच मोठं पडतं.

शेवटचा क्लेव्हर. याच्या तळाला झडप आहे. कॉफी दोन-तीन मिनिटं पाण्यात मुरू द्यायची आणि ड्रिपर पेल्यावर ठेवला, की झडप उघडते. धार कशी सोडली याला इथे जवळपास महत्त्वच नाही. आधी पाणी आणि मग कॉफी असा क्रम ठेवलात तर निचराही लवकर होतो.

ड्रिपर कशाचा असावा? प्लास्टिकचा घ्या. चिनीमातीचा सुंदर दिसतो, पण गार असताना तो पाण्यातली उष्णता शोषून घेतो, त्यामुळे तो आधी नीट तापवावा लागतो. प्लास्टिक फार कमी उष्णता ओढतं, शिवाय पडून फुटत नाही.

आणि ग्राइंडर! मी कित्येक महिने कागद आणि ड्रिपर बदलत राहिले होते, कडवटपणा काही जाईना. दोष होता पात्याच्या ग्राइंडरचा: त्यातून निम्मं पीठ आणि निम्मी भरड निघायची. पीठ कडू उतरतं, भरड कच्ची राहते, आणि कुठलाच ड्रिपर ते सावरू शकत नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी चकत्यांच्या, म्हणजे दोन चकत्यांमध्ये दाणे एकसारखे दळणाऱ्या, ग्राइंडरवर घाला.

तुलना घरी करायची तर माप एकच ठेवा. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, उकळी येऊन नुकतंच निवू लागलेलं. कागद आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाचा वास उतरतो. झडपेचा ड्रिपर सोडून बाकी सगळ्यांत पहिल्यांदा ४० ग्रॅमच पाणी ओता आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबा. ताज्या भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो, कॉफी फुलते. तो वायू आत राहिला तर पाण्याला दाण्यात शिरू देत नाही. मग उरलेलं पाणी ओता. एकूण तीन मिनिटांच्या आसपास निचरा व्हायला हवा. फार लवकर झाला तर दळ बारीक करा, फार उशीर लागला तर भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिलाच ड्रिपर घेत असाल, तर माझं मत सपाट तळाच्या बाजूने आहे. सकाळी घाई असते त्यांनी झडपेचा घ्यावा. शंकू त्यांनी घ्यावा, ज्यांना रोज पाच मिनिटं किटलीकडे लक्ष द्यायला मनापासून आवडेल.

आता पाणी तापलंय. एकाच कॉफीचे दोन पेले करते, एक शंकूतून आणि एक सपाट तळातून. गरम असताना एक घोट घ्या, आणि दहा मिनिटांनी, कोमट झाल्यावर, पुन्हा एक. फरक दुसऱ्या घोटात जास्त कळेल.