स्टोरेज फुल झालंय? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका

नमस्कार मंडळी! 'स्टोरेज संपत आलंय' हा मेसेज आला असणार, त्याशिवाय कोण कशाला हा व्हिडिओ उघडेल. आणि तो मेसेज येतो पण कधी, तर समोर काहीतरी मस्त घडत असतं, तुम्ही फोन काढता, कॅमेरा उघडता, बटण दाबता आणि तेव्हाच नेमका. मग आपण सगळे काय करतो, उभ्या उभ्या गॅलरी उघडतो आणि फोटो उडवायला लागतो, हा हललाय उडव, हे दोन सारखेच आहेत एक उडव, हिचे डोळे मिटलेत उडव. दहा मिनिटं जातात, पन्नासेक फोटो जातात, आणि जागा किती झाली?

करू हिशोब. फोनचा साधा फोटो धरा तीन-चार एमबी. पन्नास फोटो म्हणजे फार तर दोनशे एमबी. आता आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन बघा, तिथे लिहिलेलंच असतं की ४के म्हणजे खूप बारीक दर्जा आणि सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ६० चित्रं, यावर एक मिनिट व्हिडिओ काढला तर साधारण ४०० एमबी लागतात. म्हणजे तुम्ही जीव तोडून जे पन्नास फोटो निवडून निवडून उडवले ती झाली अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओची जागा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तेच. म्हणून आज आपण उलट्या क्रमाने जाणार आहोत, फोटोंना हात सगळ्यात शेवटी.

आधी एक काम करा, सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा. आयफोन असेल तर जनरलमध्ये जाऊन मग आयफोन स्टोरेज. ती रंगीत पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबा, लगेच मागे येऊ नका, फोनला मोजायला वेळ लागतो. मोकळी जागा किती आहे तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे. माझ्याकडे हा जुना टॅब आहे ३२ जीबीचा, मुद्दाम हाच घेतलाय कारण याची अवस्था फारच वाईट आहे, १.१ जीबी शिल्लक. नवा अपडेट डाउनलोडच होत नाहीये.

जाता जाता, 'मी ६४ चा फोन घेतला आणि मला ६४ मिळालेच नाहीत' ही तक्रार खूप येते. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि १०२४ च्या पटीतला कॉम्प्युटरी हिशोब लावला की त्याच ६४ चे ५९.६ होतात. त्यातून सिस्टीम स्वतःची जागा घेते, ती तुम्हाला कधीच मिळणार नाही, तिच्यावर डोळा ठेवू नका.

बरं. पहिला अड्डा, ट्रॅश. तुम्ही जे डिलीट केलं ते गेलेलं नसतं हो, कचरा झाडून कोपऱ्यात लोटलाय फक्त. आयफोनच्या फोटोंमध्ये 'रिसेंटली डिलीटेड' नावाचा अल्बम असतो, तिथे फोटो महिनाभर तरी पडून राहतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो आणि न झालेला ३० दिवस. आणि गंमत म्हणजे ट्रॅश एकच नसतो, गॅलरीचा वेगळा, फाइल मॅनेजरचा वेगळा, क्लाउडचा म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याचा वेगळा, तुम्ही एक रिकामा करता आणि म्हणता जागा का नाही झाली. सगळे उघडून बघा. रिकामा करायच्या आधी एकदा नजर फिरवा मात्र, इथून गेलं की गेलं.

दुसरा अड्डा. तुम्हाला माहितीये मी काय म्हणणार आहे. व्हॉट्सॲप.

यावर जरा थांबते कारण बहुतेकांचा खरा माल इथेच सापडतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. वर दोन डबे दिसतील, एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा, दुसरा अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टींचा. तो दुसरा डबा मी तर न बघता रिकामा करते, तुम्ही बघून करा. खाली चॅटची यादी येते, जास्त जागा खाणारं वर, आणि इथे हमखास धक्का बसतो कारण सगळ्यात वर असतो तो एखादा ग्रुप जो तुम्ही दोन वर्षांपूर्वी म्यूट केलाय. म्यूट केल्याने आवाज बंद होतो, डाउनलोड बंद होत नाही! ते बंद करायला त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये ऑटो डाउनलोड आहे, तिथल्या खुणा काढा. अजून एक गैरसमज, 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की जागा वाचते. नाही वाचत. गॅलरीत दिसत नाही एवढंच, फाइल आहे तिथेच आहे, पाहुणे आल्यावर पसारा पलंगाखाली ढकलतो तसं.

आता यातली खरी गोम, जी बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुम्ही कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला, तो गॅलरीत आहे. तोच व्हॉट्सॲपवर पाठवला, की अँड्रॉइडमध्ये त्याची दुसरी कॉपी बनते आणि ती जाते 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये. हे फोल्डर गॅलरीला दिसत नाही, मुद्दाम लपवलेलं असतं, म्हणून तुम्ही गॅलरी कितीही साफ करा याला धक्का लागत नाही. बघायचं तर फाइल मॅनेजर उघडा, इंटर्नल स्टोरेज, मग अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात com.whatsapp, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात परत मीडिया, मग व्हिडिओ आणि त्यात सेंट. खूप खोल आहे माहितीये, स्क्रीनवर दाखवतीये सावकाश. आयफोनवाल्यांनो हसू नका, तुमच्याकडे 'फोटोजमध्ये सेव्ह करा' चालू असेल तर आलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ एकदा व्हॉट्सॲपच्या आत आणि एकदा फोटोजमध्ये असा दोनदा बसलेला आहे.

इथे सावध. व्हॉट्सॲपवर आलेलं काही तुम्ही उडवलं तर नंतर ते परत डाउनलोड होईलच असं नाही, सहसा पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागावं लागतं. त्यामुळे कागदपत्रांचे फोटो, व्हॉइस मेसेज, जे माणूस आता नाहीये त्याचा आवाज, असलं काही असेल तर आधी बाहेर काढून ठेवा. यात घाई नको, खरंच.

टेलिग्रामचं याच्या बरोब्बर उलटं. तिथे साध्या चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात, फोनमध्ये असते ती नुसती कॅशे, म्हणजे पटकन दिसावं म्हणून ठेवलेली तात्पुरती कॉपी. बिनधास्त साफ करा, लागेल तेव्हा परत उतरेल. तिथेच 'मीडिया किती दिवस ठेवायचा' असं सेटिंग आहे, ते एका आठवड्यावर टाका आणि विसरून जा.

तिसरा अड्डा पटकन. व्हिडिओ, गाणी, पॉडकास्ट, मॅप यांची ॲपच्या आतली ऑफलाइन डाउनलोडं. ती तुमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये दिसत नाहीत, त्या त्या ॲपमध्येच जाऊन काढावी लागतात. माझ्या या टॅबवर एक अख्खी सिरीज पडली होती, बघून संपलेली, वर्षभरापूर्वी! साडेचार जीबी! आणि मी फोटो निवडत बसले होते. साध्या डाउनलोड फोल्डरमध्येही डोकावा, एकच पीडीएफ तीनदा उतरवलेली असते, नावापुढे एक, दोन, तीन लागलेलं.

आता कॅशे. अँड्रॉइडमध्ये कुठल्याही ॲपच्या स्टोरेजमध्ये गेलात की दोन बटणं असतात आणि लोक घाबरतात नेमकं कुठलं दाबू. 'क्लिअर कॅशे' दाबा, काही बिघडत नाही, ॲप पहिल्यांदा थोडं हळू उघडेल इतकंच. 'क्लिअर डेटा' किंवा काही फोनवर 'क्लिअर स्टोरेज' म्हणजे ॲप नव्याने टाकल्यासारखं होतं, लॉगिन जातं, सेटिंग जातं, ऑफलाइन काही लिहिलेलं असेल तर तेही जातं. आणि रोज उठून कॅशे साफ करायचा नाद लावून घेऊ नका, जागा कमी पडायला लागली की अँड्रॉइड स्वतःच कॅशे काढतं, तुम्ही साफ करा, ॲप परत भरणार, तुम्ही परत साफ करा, चालू राहतं.

आयफोनमध्ये असं सरसकट कॅशेचं बटण नाहीये. तिथे 'ऑफलोड ॲप' आहे. लोक ऑफलोड करतात आणि म्हणतात जागा झालीच नाही, कारण ऑफलोड केलं की फक्त ॲप जातं, त्याचा डेटा राहतो. ॲपच्या पानावर दोन आकडे दिसतात ते बघा. ॲप २०० एमबीचं आणि डॉक्युमेंट्स अँड डेटा पाच जीबीचा असेल तर ऑफलोड करून २०० एमबीच मिळणार. तिथे ॲप पूर्ण डिलीट करून परत टाकणं हाच उपाय, आधी पासवर्ड आठवतोय ना आणि आतलं सगळं अकाउंटला सेव्ह आहे ना ते बघून.

क्लीनर ॲपबद्दल कमेंटमध्ये दरवेळी विचारतात म्हणून सांगते. मी नाही वापरत. ते मोठ्ठं वर्तुळ फिरतं, रॉकेट उडतं, 'फोन बूस्ट झाला' म्हणतं, ते बऱ्याचदा रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी, मोकळी करत असतं आणि रॅमचा तुमच्या स्टोरेजशी काही संबंध नाही, टेबलावरचे कागद उचलले म्हणून कपाट रिकामं होत नाही. वर जाहिराती, वर सगळ्या फाइली बघायची परवानगी. फोनमधलं स्टोरेजचं पान आणि फाइल्सचं ॲप एवढ्यात सगळं होतं.

मध्येच एक प्रश्न, फोन इतका भरला की हळू का होतो? आत जी फ्लॅश मेमरी असते तिला लिहिलेल्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, मग त्या ब्लॉकमधलं जे कामाचं आहे ते आधी दुसरीकडे हलवायचं. ते सरकवायच्या आकड्यांचं कोडं असतं ना, एक घर रिकामं असतं म्हणून बाकीचे हलतात, तसंच. रिकामी घरं कमी तेवढी कसरत जास्त. मी तरी दहावा हिस्सा कायम मोकळा ठेवते.

आता आले फोटो. इथे माझीच फजिती सांगते. पूर्वी एका क्लाउड सेवेवर माझे सगळे फोटो चढलेले होते, मी म्हटलं वरती आहेत ना मग फोनमधले कशाला, आणि बसून दोन हजार फोटो उडवले. वरचेही गेले! कारण तो बॅकअप नव्हता, सिंक होता. सिंक म्हणजे आरसा, इकडे पुसलं की तिकडे पुसलं. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, नशीब ट्रॅशमध्ये होते (हो, तोच ट्रॅश जो तुम्हाला मगाशी रिकामा करायला सांगितला, म्हणून म्हटलं नजर फिरवा).

तर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनमधून डिलीट केलं की सगळीकडून जातं, तिथे डिलीट करायचंच नाही, 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू करायचं, मग मोठी फाइल वर राहते आणि फोनमध्ये छोटी. गुगल फोटोजमध्ये एकेक फोटो हाताने डिलीट करू नका, 'फ्री अप स्पेस'चं बटण आहे, ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. दाबायच्या आधी दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर ब्राउझरमध्ये लॉगिन करून जुने-नवे चार फोटो आणि एक व्हिडिओ उघडून बघा, दिसले तरच पुढे.

फक्त क्लाउडलाही तळ असतो. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ ला संपलं, आता १५ जीबी आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. आयक्लाउडचे फुकट पाच. म्हणून मोठे व्हिडिओ केबलने लॅपटॉपवर किंवा हार्डडिस्कवर टाकायचे, उघडून बघायचे, मग काढायचे. मेमरी कार्डची सोय असेल तर छान, पण कार्ड टाकताना फोनने विचारलं इंटर्नल म्हणून वापरू का तर लक्षात ठेवा, तसं केलेलं कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही.

आणि कॅमेऱ्याचं सेटिंग बदला हो. मगाशी म्हटलं तो ४के ६० वाला ४०० एमबीचा मिनिट, तोच १०८० आणि ३० फ्रेमवर आयफोनमध्ये साधारण ६० एमबीत बसतो. फोनच्या स्क्रीनवर बघणार असाल तर फरक शोधून सापडत नाही.

चला, तो सुरुवातीचा आकडा काढा. स्टोरेजचं पान परत उघडा, हललेला नसेल तर एकदा रिस्टार्ट करून बघा, कधीकधी मोजणी मागे राहते. हा माझा टॅब, १.१ होता, आता ११.४ दाखवतोय आणि गॅलरी अजून उघडलेली पण नाहीये. अपडेट लावलाय, बारा टक्के झालाय.