पूर्व बेलफास्टचा नवा क्लब

श्रोतेहो, नमस्कार. 2020 चा मे महिना आठवा. सगळं जग घरात कोंडलं होतं. त्या दिवसांत उत्तर आयर्लंडमधल्या पूर्व बेलफास्टमध्ये एकाने ट्विटरवर विचारलं, इथे गेलिक खेळांचा, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांचा, क्लब काढायचा का? बघता बघता माणसं जमली. गेलिक फुटबॉल, काठी-चेंडूचं हर्लिंग आणि कमोगी, म्हणजे बायकांचं हर्लिंग, सगळ्यांचे संघ उभे राहिले.

यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. टायटॅनिक जिथे बांधलं गेलं, तो हा भाग. वस्ती बहुतांशी प्रोटेस्टंट, ब्रिटनशी नातं सांगणारी. आणि गेलिक खेळांची संघटना 1884 साली थर्ल्स गावात स्थापन झाली ती आयरिश अस्मितेच्या बळावर. ब्रिटिश सुरक्षा दलांतल्या माणसांना तिचं सभासद होता येत नसे. तो नियम 2001 मध्ये रद्द झाला. या सगळ्यामुळे या भागात कित्येक दशकं असा क्लबच नव्हता.

मला या मंडळींचं बोधचिन्ह फार आवडतं. गोदीतल्या उंच क्रेन, आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक आणि स्कॉटलंडचं काटेरी फूल, सगळं एकाच ढालीवर. बोधवाक्य एकच, पण तीन भाषांत: आयरिश, इंग्रजी आणि अल्स्टर स्कॉट्स, म्हणजे तिथली स्कॉटिश वळणाची बोली. अर्थ, 'एकत्र'. अध्यक्ष झाल्या लिंडा अर्विन. त्या स्वतः प्रोटेस्टंट, आणि त्याच वस्तीत लोकांना आयरिश भाषा शिकवणाऱ्या.

हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. ऑगस्टमध्ये सराव चालू असताना गाड्यांखाली संशयास्पद वस्तू असल्याचा इशारा आला आणि मैदान रिकामं करावं लागलं. पोरं खेळायला आलेली, आणि त्यांच्यावर ही वेळ! मला त्याचा आजही संताप येतो. पण सराव बंद पडला नाही.

इथे आलेल्या कित्येकांनी आयुष्यात कधी हर्लिंगची काठी धरली नव्हती. ॲश झाडाच्या लाकडाची ती काठी, टोकाला तळव्यासारखी पसरट. चामड्याचा छोटा चेंडू तिच्या टोकाने जमिनीवरून उचलायचा, हातात झेलायचा आणि मारायचा. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, जाळ्यात गेला तर तीन. मुरलेले खेळाडू हे धावता धावता करतात. नवख्याचा चेंडू मात्र सारखा घरंगळतो. तो पुन्हा वाकतो, पुन्हा उचलतो. शेजारी कोण उभा आहे, त्याचं चर्च कुठलं, हे बघायला त्याला सवड कुठली!